हरणीसाठी मऊ केलेली गाडी

वर्धा जिल्ह्यात डोंगर आहेत, हे मला माहीत होतं. नकाशावर पाहिले होते, मुलांना शाळेत सांगितलेही होते. पण हिंगणघाटात अख्खा जन्म गेलेल्या माणसाला आपला जिल्हा म्हणजे सपाट काळी जमीन, कापूस, तूर आणि हैदराबादचा हायवे एवढाच वाटतो. आर्वीच्या पुढं सागाच्या जंगलातून वर चढणारा दगडगोट्यांचा रस्ता आणि त्याच्या शेवटी वसलेलं पिंपळझरी हे गाव मी या दिवाळीच्या सुट्ट्यांत पहिल्यांदा पाहिलं. तेही नणंदेच्या पिकपमध्ये, ज्या गाडीचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी कमानी, आम्ही दोघींनी आमच्या हातांनी बदलले होते.

गिरड

माझी नणंद शुभांगी गिरडजवळच्या एका खेड्यात शेती करते. तिच्या गोठ्यात म्हशी आहेत, पण तिचा जीव गवळाऊ गाईत अडकलेला. गवळाऊ म्हणजे आमच्या जिल्ह्याचीच गाय: पांढरीशुभ्र, लांबट तोंडाची, बदामी डोळ्यांची. खाली मैदानात ती आता क्वचित दिसते, वर डोंगरातल्या गवळ्यांकडं अजून आहे. त्यांच्यातल्या बाबारावकाकाजींनी शुभांगीला आपली गाभण गाय, हरणी, द्यायचं फोनवर कबूल केलं, आणि लगेच अटही घातली.

"गाय देतो बाई. पन गाडीत नाई देत. चालवत न्या."

"अवो काकाजी, जिल्ह्याच्या या टोकाहून त्या टोकाले चालवत कशी नेऊ?"

"मागच्या साली एकानं माही गाभन गाय पिकपमदी नेली. घरी पोचली अन् गाभडली. वासरू गेलं. आता मी पिकपमदी गाय चढू देत नाई."

फोन ठेवल्यावर शुभांगी बराच वेळ अंगणातल्या आपल्या पिकपकडं पाहत बसली. जुनी, चारही चाकं ओढणारी, एका केबिनची गाडी. मी सुट्टीसाठी नुकतीच तिच्याकडं पोचले होते, हातात अजून पिशवी होती.

"वहिनी," ती म्हणाली, "काकाजीचं खरं हाय. या गाडीचे पाटे टनभर मालासाठी केले आहेत. एका गाईच्या वजनानं ते वाकतच नाईत. मंग खड्डा आला का गाडी उडते, गाय आपटते. पाटे मऊ करा लागते."

"मंग मिस्तरीकडं नेऊ."

"मिस्तरीले इचारलं. तो म्हनते माल न्याची गाडी हाय, मऊ करून काय करता. आपुनच करू."

मी गणित शिकवते. पान्याचा आणि माझा संबंध गॅसची टाकी बदलण्यापुरता. पण तिनं "आपुन" म्हटलं आणि मला एकदम हुरूप आला. लहानपणी सायकल उलटी करून चेन बसवताना यायचा तसा. मी पिशवी आत ठेवली आणि तिचा जुना सलवार कुर्ता मागून घेतला.

पुढचे काही दिवस आम्ही गोठ्याशेजारच्या शेडमध्येच काढले. गाडी जॅकवर उचलून खाली सागाचे ओंडके लावले. पाटे म्हणजे एकावर एक ठेवलेल्या लोखंडी पट्ट्यांची कमान. ती चाकांच्या दांड्याला इंग्रजी यू आकाराच्या जाड बोल्टांनी बांधलेली असते. ते यू-बोल्ट गंजून दांड्याशी एकजीव झाले होते. डिझेल ओतलं, रात्रभर मुरू दिलं. सकाळी पान्याला लांब पाइप अडकवून दोघी अक्षरशः लोंबकळलो. काही नाही. पुन्हा लोंबकळलो. अचानक 'कट्' असा आवाज झाला आणि मी कपाळाला हात लावला.

"तुटला!"

"तुटला नाई वहिनी, सुटला!"

आम्ही दोघी इतक्या जोरात ओरडलो की म्हशी दावं ओढायला लागल्या.

मग कामाला वेग आला. शुभांगीनं कमानीला घट्ट आवळून धरणारा शिकंजा लावला. नाहीतर मधला बोल्ट काढताच दाबलेल्या पट्ट्या उसळतात आणि हात जातो. खालच्या सगळ्यात जाड पट्ट्या काढल्या. त्यांच्या जागी लांब आणि पातळ पट्ट्या घालायच्या होत्या, त्या आणायला आम्ही हिंगणघाटला ट्रकच्या कमानींच्या दुकानात गेलो. दुकानदारानं आमच्या काळ्या हातांकडं पाहिलं.

"ताई, हे पातळ टाकसान तर लोड नाई घेनार गाडी."

"लोड घ्याचाच नाई. एक गाय घ्याची हाय."

"एका गाईसाठी पाटे बदलून राह्यल्या?"

"ती गाय पाहासान ना भाऊ, तर तुमीही बदलसान," शुभांगी म्हणाली. त्यानं हसत हसत पट्ट्यांना आमच्यासमोर हवी तशी गोलाई मारून दिली.

पट्ट्या एकमेकींवर घासू नयेत म्हणून टोकांना नायलॉनच्या चकत्या बसवल्या. कमान गाडीला जिथं लटकते तिथल्या कड्या थोड्या लांब घेतल्या, त्यामुळे गाडी वर उचलली गेली. झटके शोषणारे चारही शॉकअप नवे टाकले. (पहिला मी उलटा बसवला. शुभांगी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.) डोंगरातल्या दगडांसाठी मोठ्या नक्षीचे, थोडे उंच टायर घातले. सगळं झालं असं वाटलं तेव्हा शुभांगी शेवटची नजर टाकायला खाली शिरली आणि तिथूनच ओरडली. गाडी उंच झाल्यामुळं ब्रेकची रबरी नळी तारेसारखी ताणली गेली होती. एका मोठ्या खड्ड्यात ती तुटली असती आणि ब्रेक गेला असता. लांब नळी मिळवून बसवण्यात आणखी एक दिवस गेला. पण त्या दिवसानंतर माझा शुभांगीवर पूर्ण विश्वास बसला.

चाचणीला मागच्या डाल्यात, म्हणजे माल भरायच्या उघड्या हौद्यात, पाण्यानं काठोकाठ भरलेली बादली ठेवली. याच शेतरस्त्यावर पूर्वी अर्धी बादली सांडायची. आता मी मागं उभी होते, शुभांगी चालवत होती, आणि गाडी खड्ड्यातून अशी उतरत होती जशी म्हैस डबक्यात उतरते, सावकाश, अंग सैल सोडून. बादलीचा काठ ओला झाला, बस्स. मी केबिनवर थापा मारत सुटले.

"चाल! आताच जाऊ काकाजीकडं!"

हिंगणघाट ते आर्वी

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. हिंगणघाटला तर्रीचे पोहे खाल्ले. ते न खाता या रस्त्यानं पुढं जाणं माझ्याच्यानं होत नाही. गाडी उंच झाल्यामुळं सगळा मुलूख वेगळा दिसत होता. तुरीच्या वरून पलीकडचा फुटलेला कापूस दिसत होता, वेचणाऱ्या बायांच्या डोक्यांवरचे रंगीत दुपट्टे दिसत होते. रोजच्या एसटीतून हाच रस्ता किती वर्षं पाहते आहे, पण त्या दिवशी मी खिडकीबाहेर मान काढून बसले होते.

मऊपणाची किंमत हायवेवर कळली. एका वळणावर शुभांगीनं वेग थोडा जास्त ठेवला आणि गाडी बाजूला अशी झुकली की माझ्या मांडीवरचा डबा तिच्या मांडीवर गेला.

"हळू वो बाई!"

"समजलं, समजलं. आता ही गाडी पळाची नाई. चालाची."

त्यानंतर आम्ही ट्रकांनाही पुढं जाऊ दिलं. वर्ध्याला गोरसपाक घेतला. गाईच्या दुधातुपाचं ते खमंग बिस्कीट, पाहुणे म्हणून कुठं रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून. शुभांगी म्हणाली, "गवळ्याच्या घरी दुधाचं बिस्कीट घेऊन जाऊन राह्यलो आपन." तरी घेतलंच.

पिंपळझरी

आर्वी मागं पडली आणि जमीन हळूहळू उठायला लागली. संत्र्याच्या बागा आल्या, मग त्या संपल्या आणि साग सुरू झाला. डांबरी रस्ता एका वळणानंतर नुसताच थांबला. पुढं चढ होता, त्यात टरबुजाएवढे गोटे आणि मधून पाण्यानं कापलेली खोल घळ.

शुभांगीनं चारही चाकांना जोर लावणारा दांडा ओढला. गाडी गुरगुरली आणि चढायला लागली. डावं चाक गोट्यावर चढलं, उजवं घळीत उतरलं, पाटे एकीकडे दबले, दुसरीकडे सुटले, आणि आम्ही दोघी मात्र सरळ बसलेल्या! गाडीच्या पोटाला दगड लागेल म्हणून मी श्वास धरून होते. काहीच लागलं नाही. वर पोचल्यावर शुभांगीनं गाडी थांबवली, खाली उतरली आणि कमानीवर हात ठेवला, जशी ती म्हशीच्या पाठीवर ठेवते. मी पण ठेवला. लोखंड गरम होतं. मला तेव्हा जे वाटलं ते वर्गात शिकवून कधी वाटलं नाही, आणि हे मी जबाबदारीनं लिहिते आहे.

फजिती गावात शिरताना झाली. बाबारावकाकाजींच्या घराकडं वळायला स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि 'खर्रर्र' असा आवाज आला. उंच टायर आतल्या प्लास्टिकच्या पत्र्याला घासत होता. गावातली निम्मी माणसं बाहेर आली. काकाजींच्या बायकोनं, पार्वताबाईंनी, आधी आम्हाला ताक दिलं (आमच्याकडं पाहुण्याला आधी पाणी, इथं आधी ताक), मग टायरकडं पाहून विचारलं, "काय कापाचं हाय?" आणि घरातून विळा आणून दिला. भर अंगणात विळ्यानं गाडीचं प्लास्टिक कापणाऱ्या दोन बायका त्या गावानं पूर्वी पाहिल्या नसाव्यात.

बाबारावकाकाजी उंच, वाळलेले, डोक्याला पांढरा फेटा. त्यांनी हरणी दाखवली. मी गाईंतली जाणकार नाही, पण ती बांधावरून वळून आमच्याकडं पाहायला लागली आणि शुभांगीचा हात माझ्या दंडावर घट्ट बसला. पोट दोन्ही बाजूंनी भरलेलं, शेपटीचा गोंडा काळा, आणि नजर अशी की आपणच आधी नमस्कार करावा.

"चालत न्याले आल्या का?" काकाजींनी विचारलं.

"गाडीत न्याले आलो. पन आधी तुमी बसा गाडीत," शुभांगी म्हणाली. "मागं, डाल्यात. हरनी जिथं उभी राहीन तिथं. मंग सांगा."

पार्वताबाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. काकाजी हसले नाहीत. त्यांनी एक दुधाची बरणी मागवली, काठापर्यंत भरली, ती दोन्ही हातांत धरून डाल्यात चढले आणि पाय फाकवून उभे राहिले.

"चाला. नदीपर्यंत."

नदीचं पात्र

त्या वाटेवर मी त्यांच्यासोबत मागं उभी होते. पात्रात पाणी घोट्याएवढंच होतं, पण खाली सगळे गोल धोंडे. गाडी त्यांवरून डुलत उतरली. काकाजींची नजर बरणीवर. दूध काठाशी यायचं, थांबायचं, मागं जायचं. पात्राच्या मध्यापर्यंत एक थेंब सांडला नाही. मी त्यांच्या चेहऱ्याकडं पाहत होते आणि मला वाटलं, आता हसतील.

तेवढ्यात खालून 'खट्' असा आवाज आला. पुढच्या धोंड्यावर पुन्हा 'खट्'. गाडीला झटका बसला आणि दूध काकाजींच्या धोतरावर सांडलं.

शुभांगीनं इंजिन बंद केलं. ती पाण्यात उतरली आणि खाली वाकली. मागचे यू-बोल्ट ढिले झाले होते. नव्या पट्ट्या वजनाखाली एकमेकींवर बसल्या, दबल्या, आणि नटांची पकड सुटली. एक नायलॉनची चकतीही सरकून बाहेर आली होती. सगळे दिवस, लोंबकळणं, ब्रेकची नळी, इतका लांबचा रस्ता, आणि तो खट् आवाज नेमका या माणसासमोर!

शुभांगी मात्र पाण्यात पाठ टेकून गाडीखाली शिरली. मी पाने देत गेले. थंड पाण्यानं तिचे दात वाजत होते. चकती जागेवर बसवली, एकेक नट आळीपाळीनं आवळला. काकाजी काठावरच्या धोंड्यावर बसून सगळं पाहत होते. ती बाहेर आली तेव्हा त्यांनी विचारलं,

"पोरी, खरं सांगजो. हे पुन्हा होईन का?"

मी मनातल्या मनात म्हणत होते, नाही म्हण, नाही म्हण.

"होऊ शकते काकाजी," शुभांगी म्हणाली. "नवे पाटे हायेत, बसाले वेळ लागते. म्हनून मी थोड्या थोड्या दूर थांबीन अन् दर खेपेले पाना लावून पाहीन. ढिला झाला तर आवळीन. झपाट्यानं नाई जात मी. सांज झाली तरी चालन."

काकाजी उठले. धोतराचा ओला सोगा पिळला.

"मागच्या साली थो गडी म्हने, काकाजी, काईच नाई होनार, बिनघोर राहा." त्यांनी बरणी उचलली. "सकाळी हरनीले चढवू. पन मी येतो संग. मागं, तिच्यापाशी."

शुभांगी ओल्या कपड्यांनिशी त्यांच्या पाया पडली, आणि मी नदीच्या मध्यात उभी राहून टाळ्या वाजवल्या. माझ्या वयाच्या बाईनं असं करू नये, पण तिथं पाहायला कोण होतं!

संध्याकाळी पार्वताबाईंनी चुलीवर भाकरी थापल्या, वांग्याचं भरीत केलं आणि त्यावर लोण्याचा गोळा ठेवला. आमच्याकडं लोणी चमच्यानं वाढतात, त्यांनी मुठीनं वाढलं. हरणी जाणार म्हणून त्या मधून मधून गोठ्यात डोकावून येत होत्या. जेवणानंतर शुभांगीला म्हणाल्या, "तिले कपाळावर खाजवत जाजो. शिंगाच्या मधात. तिथंच आवडते तिले." मग उठून आत गेल्या.

परतीची वाट

डाल्यात वाळू पसरली, त्यावर जाड थर कुटाराचा, म्हणजे मळणीतल्या भुशाचा. जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला आणि बाकीचे कागद शुभांगीनं पुढं ठेवले होते. डाल्याच्या उंचीच्या बांधाला गाडी लावली, पार्वताबाई पुढं चालत गेल्या आणि हरणी त्यांच्यामागून अंगणात जावं तशी डाल्यात गेली. काकाजींनी तिच्या गळ्याशी जागा घेतली. पार्वताबाई उतरल्या आणि मागं वळून न पाहता घरी गेल्या.

उतारावर शुभांगीनं गाडी अशी आणली की बैलगाडीही पुढं गेली असती. जंगल संपलं तिथं थांबलो, पाना लावला. नट किंचित फिरला, आवळला. आर्वीला थांबलो, पुन्हा किंचित. पुढच्या थांब्याला नट हललाच नाही.

"बसले पाटे!" शुभांगी गाडीखालून ओरडली. काकाजींनी वरून विचारलं, "काय म्हनते?" मी सांगितलं. त्यांनी हरणीलाही सांगितलं.

वर्ध्याच्या अलीकडं रस्त्याचं काम चालू होतं. डांबर उखडलेलं, खडी पडलेली, मधे मधे खड्डे. शुभांगी एकेक खड्डा चुकवत चालवत होती. तेवढ्यात केबिनच्या टपावर धाडधाड थापा पडल्या. शुभांगीनं गाडी कडेला घेतली आणि आम्ही दोन्ही दारांनी उड्या मारून मागं धावलो.

"काय झालं काकाजी? पडली का?"

काकाजी डाल्याच्या कठड्याला धरून उभे होते, डोळे भरलेले.

"पडली नाई वो. बसली. आपल्या मनानं बसली. पाहा."

हरणी कुटारावर पाय दुमडून बसली होती. डोळे अर्धे मिटलेले, जबडा सावकाश फिरत होता. ती रवंथ करून राह्यली होती, खडीच्या रस्त्यावर, चालत्या गाडीत! घाबरलेलं जनावर रवंथ करत नाही, एवढं मलाही कळतं. शुभांगी कठड्याला कपाळ टेकून रडायला लागली. मी तिच्या पाठीवर थापा मारत होते आणि माझं स्वतःचं हसू थांबत नव्हतं. बाजूनं जाणाऱ्या एका ट्रकवाल्यानं वेग कमी करून विचारलं, "काय, मदत पाह्यजे का?" काकाजी त्याला ओरडून म्हणाले, "आवाज नको करू, जाय!"

पुढचा सगळा रस्ता, हिंगणघाट, समुद्रपूरकडचा फाटा, काकाजींनी आम्हाला हॉर्न वाजवू दिला नाही.

शुभांगीच्या घरी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. घरची माणसं आरती घेऊन अंगणात आली. फळी लावली, कठडा उघडला. हरणी उठेना. तिला इतकं बरं वाटत होतं की तिनं मान वळवून आमच्याकडं पाहिलं आणि पुन्हा रवंथ सुरू केला. कुणीतरी दावं ओढायला गेलं तर काकाजींनी त्याचा हात धरला. "बसू द्या. उठन तवा उठन."

मग आम्ही सगळे तिथंच अंगणात, पिकपच्या भोवती बसलो. शुभांगीच्या सासूबाईंनी तिथंच चहा आणला, मग झुणका भाकर आणली. सगळे हळू आवाजात बोलत होते. तांबडं आकाश काळं व्हायला लागलं तेव्हा हरणी उठली, अंग झाडलं, फळीवरून चार पावलं टाकत खाली आली आणि गोठ्याच्या दारातलं हिरवं गवत खायला लागली. शुभांगीनं आरतीचं ताट ओवाळलं आणि मग तिच्या शिंगांच्या मधात खाजवलं. हरणीनं मान खाली घातली.

सकाळी मी काकाजींना विचारलं, "काकाजी, तुमाले समुद्रपूरच्या स्टँडवर सोडून देऊ का? तिथून एसटी भेटन."

त्यांनी पिकपकडं पाहिलं. डाल्यात अजून कुटार पसरलेलं होतं.

"एसटीनं माही कंबर जाते," ते म्हणाले आणि फेटा सावरत मागं चढायला लागले. "याच गाडीनं सोडून देता का? मी मागंच बसतो."